सिकलसेलचा आजार आणि गावची परिचारिका

एखाद्या आजाराचे नाव एकदा एखाद्या मुलखाशी जोडले गेले, की त्या मुलखाबाहेरच्या माणसांनी त्याची काळजी करण्याचे कारण नाही, अशी समजूत नकळत रूढ होऊन बसते. सिकलसेल या रक्ताच्या आजाराची गोष्ट अशीच आहे. हा आजार गडचिरोलीचा, चंद्रपूरचा, फार तर नंदुरबारकडील सातपुड्याचा. सिंधुदुर्गनगरीच्या, कुडाळच्या किंवा मालवणच्या माणसाचा त्याच्याशी काय संबंध, असे दक्षिण कोकणात कोणास वाटले तर त्यात नवल नाही. तथापि माणसे एका ठिकाणी राहत नाहीत, आणि त्यांचे रक्त त्यांच्याबरोबरच प्रवास करते. कोकणातील प्राथमिक शाळांवर विदर्भ-खानदेशातील शिक्षक येतात; पोलीस, बँका, रेल्वे, वनखाते यांतील नोकरदारांच्या बदल्या होतात; रस्त्यांच्या आणि पुलांच्या कामांवर मजूर येतात. त्यांच्या लेकराला ताप आला, तर ते नागपूरच्या मोठ्या इस्पितळात जात नाही. ते जवळच्या उपकेंद्रात जाते, आणि तेथे जी परिचारिका बसलेली असते तिला या आजाराचे नाव ऐकून ठाऊक आहे की नाही, यावर पुष्कळदा त्या लेकराचे जगणे अवलंबून असते.

सिंधुदुर्गातील आरोग्यसेविकांना हा धडा अगदी नवा नाही. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०१६ च्या आरंभी दोडामार्ग तालुक्यात माकडतापाचे रुग्ण आढळले. तोपर्यंत हा ताप शेजारच्या कर्नाटकातील जंगलांचा म्हणून ओळखला जात होता. त्यानंतर त्या भागात तापाचा रुग्ण आला की “काजूच्या बागेत गेला होतास काय, गोचीड चावली काय, माकड मेलेले दिसले काय,” हे प्रश्न विचारणे आवश्यक झाले. लेप्टोस्पायरोसिसच्या बाबतीतही भातलावणीच्या चिखलात उतरल्याची चौकशी अशीच अंगवळणी पडावी लागते. सिकलसेलच्या बाबतीत विचारावयाचा प्रश्न याहून साधा आहे. मूल वारंवार हातपाय दुखतात म्हणून रडत असेल, डोळे पिवळसर दिसत असतील, अंगात रक्त कमी असेल, तर त्याच्या आईबापांचे मूळ गाव कोणते, आणि घरात आणखी कोणाला असा त्रास होता काय, एवढे विचारावे. या एका प्रश्नाने जे निदान वर्षानुवर्षे हुकते ते एका दुपारी हाती लागू शकते.

हा आजार म्हणजे नेमके काय, हे समजावून घेण्यास फारशा शास्त्राची गरज नाही. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी गोल, मऊ आणि लवचिक असतात. त्यांच्यात हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते, आणि ते प्राणवायू वाहून नेते. या द्रव्याच्या घडणीत एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरे आले, म्हणजे ग्लुटामिक आम्लाच्या ठिकाणी व्हॅलिन बसले, की प्राणवायू कमी पडताच त्या द्रव्याच्या ताठ दोऱ्या बनतात, आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकडी व कडक होते. कोकणातील पाणंद डोळ्यांपुढे आणावी. दोन्ही बाजूंनी चिऱ्यांचा गडगा, मधून एका माणसापुरती वाट. तेथून माणसे एकामागून एक सहज जातात. पण कोणी आडव्या धरलेल्या काठ्यांचे भारे घेऊन शिरला, की वाट तुंबते आणि मागची रांग खोळंबते. बारीक रक्तवाहिन्यांत विळ्याच्या आकाराच्या पेशी अशाच अडकतात. त्यापुढच्या हाडाला, फुप्फुसाला, प्लीहेला किंवा मेंदूला रक्त मिळत नाही. जी वेदना होते ती या कोंडलेल्या अवयवाची वेदना होय. शिवाय निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर ही वाकडी पेशी दहा ते वीस दिवसांतच फुटते. म्हणून रक्त नेहमीच कमी, आणि फुटलेल्या पेशींच्या रंगद्रव्यामुळे डोळे नेहमीच पिवळे.

शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली या पेशींचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. हिंदुस्थानात १९५२ साली निलगिरीच्या डोंगरी जमातींत लेहमन आणि कटबुश यांना ही विकृती आढळली, आणि १९५८ साली शुक्ल व सोळंकी यांनी मध्य भारतातील तिचे अस्तित्व ‘लॅन्सेट’मध्ये नोंदविले. पुढे पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रातील आदिवासी जमातींची रक्ततपासणी दीर्घकाळ केली. भिल्ल, पावरा, माडिया, परधान या जमातींत वाहकांचे प्रमाण शेकडा २० ते ३५ पर्यंत असल्याचे त्या कामातून पुढे आले. नागपूर-भंडाऱ्याकडे हा दोष केवळ आदिवासींत नाही. इतर अनेक समाजांतही तो आहे. यात कोणाच्या कुळाचा, आचाराचा किंवा पापपुण्याचा यत्किंचितही संबंध नाही. जेथे हिवतापाचा जोर पिढ्यान्‌पिढ्या होता, तेथे हा एकपदरी दोष असलेली बालके मेंदूच्या हिवतापातून तगून राहिली, इतकेच. १९५४ साली अ‍ॅन्थनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत हा संबंध दाखवून दिला. ज्या गुणाने पूर्वजांना वाचविले, तोच गुण आईकडून आणि बापाकडून दोन्ही बाजूंनी आला, तर नातवंडाला पिडतो.

येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे, कारण त्याच्या अज्ञानाने खेडोपाडी फार मोठा अनर्थ होतो. आईबापांपैकी एकाकडूनच दोष आला, तर ते मूल वाहक होते. वाहक आजारी नसतो. तो शेती करतो, पोहतो, सैन्यात जातो, म्हातारा होतो. दोघांकडून दोष आला, तरच मूल रुग्ण होते. आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता रुग्ण मुलाची, चारांत दोन वाहक मुलाची, आणि चारांत एक संपूर्ण निर्दोष मुलाची. हे गणित परिचारिका सांगते तेव्हा ऐकणारी आई बहुधा असे समजते, की पहिले मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन सुखरूप. तसे नसते. कवड्यांचा डाव जिने पाहिला आहे तिला हे चटकन पटते: मागच्या खेपेस कवड्या कशा पडल्या हे पुढच्या खेपेस कवड्यांना आठवत नाही. प्रत्येक खेप नवी. एवढा एक दाखला मातृभाषेत, घाई न करता, नवरा आणि सासू दोघांच्या देखत सांगितला, तर तो छापील पत्रकांच्या गठ्ठ्याहून अधिक काम करतो. सासू देखत असावी हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण दोष मुलीकडून आला असे म्हणून सुनेला माहेरी धाडण्याचे प्रकार होतात, आणि रुग्ण मुलाला दोष दोघांकडूनही आलेला असतो ही गोष्ट त्या घरात कोणी तरी अधिकाराने बोलून दाखवावी लागते.

आता प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कामाकडे वळावे. भोर समितीने १९४६ साली ज्या केंद्रांची कल्पना मांडली, आणि १९५२ पासून जी देशात उभी राहू लागली, त्या केंद्रांत रक्ताचे मोठे तज्ज्ञ कधीच नव्हते आणि पुढेही असणार नाहीत. केंद्रात एक-दोन वैद्यकीय अधिकारी, त्याखालच्या उपकेंद्रात आरोग्यसेविका, हल्ली समुदाय आरोग्य अधिकारी, आणि गावात आशा. एवढ्या मनुष्यबळावर सिकलसेलसारखा जन्मभराचा आजार सांभाळता येईल काय, अशी शंका कोणी घेतो. वस्तुस्थिती अशी, की या आजारात मृत्यू ज्या कारणांनी येतात त्यांतील पुष्कळशी कारणे तज्ज्ञाच्या टेबलापर्यंत पोहोचतच नाहीत. ती घरात, रात्री, काही तासांत उद्भवतात.

त्यांतले पहिले कारण म्हणजे ताप. सिकलसेल झालेल्या बालकाची प्लीहा, जी रक्तातील जंतू गाळते, ती पहिल्या काही वर्षांतच वारंवार कोंडून निकामी होते. मग न्यूमोकोकस नावाचा जंतू, जो इतर मुलांत साध्या खोकल्यावर भागवतो, तो या मुलाच्या रक्तात शिरून एका दिवसात त्याचा जीव घेऊ शकतो. अमेरिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रसिद्ध तपासणीत, या मुलांना रोज दोन वेळा तोंडाने पेनिसिलिन दिले असता अशा जंतुसंसर्गाचे प्रमाण शेकडा ८४ ने घटले. पेनिसिलिन हे काही महाग किंवा दुर्मिळ औषध नव्हे. ते पाच वर्षांचे होईपर्यंत, एकही दिवस न चुकता, मुलाच्या पोटात जाते की नाही, हे पाहणे हीच खरी अडचण आहे. आणि ते पाहणारी व्यक्ती डॉक्टर नसून घरोघर जाणारी सेविका आहे. बाटली किती उरली हे ती विचारत नाही, ती बाटली हातात घेऊन पाहते. न्यूमोकोकसची लस २०२१ पासून देशभर बालकांना विनामूल्य मिळू लागली आहे. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयांत तिचे डोस असतात. सिकलसेलच्या मुलाचा यांतला एकही डोस चुकता कामा नये.

यावरून परिचारिकेने आईला शिकवावयाचे पहिले सूत्र निघते. या मुलाला ताप भरला, तर तो उतरण्याची वाट पाहू नये. अंगाऱ्याची, काढ्याची किंवा उद्याच्या बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नये. ताप १०१ अंशांवर गेला असेल, तर तत्काळ केंद्रात आणावे. आणि केंद्रातील परिचारिकेने डॉक्टरांच्या आदेशाने प्रतिजैविकाचा पहिला डोस देऊन मगच मुलाला पुढे जिल्हा रुग्णालयात रवाना करावे. घाटातल्या किंवा खाडीपलीकडच्या गावातून ओरोसपर्यंत जाण्यास जो वेळ लागतो, तो वेळ अशा मुलाजवळ नसतो. हिवतापाचीही तपासणी त्याच वेळी व्हावी. वाहकाला हिवतापापासून काही संरक्षण असते खरे, पण रुग्णाला नसते. उलट हिवताप त्याला अधिकच घातक ठरतो. या दोहोंची गल्लत शिकलेली माणसेही करतात.

दुसरे कारण म्हणजे प्लीहेत रक्त साठणे. कधी कधी वाकड्या पेशी प्लीहेची वाट अडवितात, रक्त आत शिरते पण बाहेर निघत नाही, आणि काही तासांत पोटाच्या डाव्या बाजूला गाठ येऊन मूल पांढरेफटक पडते. शरीरातील रक्ताचा मोठा भाग त्याच्याच पोटात अडकून बसलेला असतो. जमेका बेटात डॉ. ग्रॅहॅम सर्जंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बाबतीत जे केले, ते इतके साधे आहे की ऐकणाऱ्याला आश्चर्य वाटावे. त्यांनी आयांना आपल्या मुलाच्या डाव्या बरगड्यांखाली बोटे ठेवून प्लीहा चाचपण्यास शिकविले. आयांना काय शिकवावे हे कळल्यानंतर अशा शंभर प्रसंगांमागे होणारे मृत्यू सुमारे २९ वरून ३ वर आले. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. आंघोळ घालताना हाताची चार बोटे. भारतातल्या कोणत्याही उपकेंद्रात हे शिकविता येते. मुलाच्या पोटावर शाईने एक रेघ ओढून ठेवावी, आणि गाठ त्या रेघेच्या खाली आली तर मुलाला उचलून निघावे, असे आईला सांगितले की ती विसरत नाही.

गडचिरोलीने याच्याशी जुळणारा एक धडा स्वतंत्रपणे दिला आहे. १९८६ साली तेथे काम सुरू करणाऱ्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरी काळजी घेण्यास शिकविले, आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांप्रमाणे त्या ३९ गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण शेकडा ६२ ने घटले. तो अभ्यास सिकलसेलचा नव्हता. पण घरात जाऊन मुलाला हात लावणारी, मोजणारी, लिहून ठेवणारी बाई काय करू शकते याविषयीचा वाद त्याने मिटविला.

वेदनेचा विषय मात्र निराळा, आणि कित्येकदा उपेक्षित. सिकलसेलची कळ आली म्हणजे रुग्णाच्या मांड्या, पाठ, छाती, हातांची हाडे आतून कोणी पिळून काढावीत तशी दुखतात. बाहेरून काहीच दिसत नाही. सूज नाही, जखम नाही, ताप असेलच असे नाही. त्यामुळे “हा नाटक करतो,” “ही कामचुकार आहे,” असे शेरे शाळेत, शेतावर, आणि खेदाची गोष्ट अशी की कधी कधी रुग्णालयाच्या खाटेजवळही ऐकू येतात. वारंवार येऊन दुखण्याचे इंजेक्शन मागणाऱ्या तरुणाला व्यसनी समजले जाते. येथे परिचारिकेचे पहिले औषध म्हणजे विश्वास. रुग्ण किती दुखते ते सांगतो, तेवढेच दुखते, असे धरून चालावे. मग पाणी पाजावे, उबदार कपड्यात गुंडाळावे, दुखऱ्या जागी शेक द्यावा. बर्फ किंवा थंड पट्टी या आजारात नको, कारण थंडीने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. पॅरासिटामॉल, त्याने भागले नाही तर त्याहून तीव्र औषध, आणि तरीही भागले नाही तर रुग्णालयात मॉर्फीनसुद्धा, असा क्रम असतो. श्वास जोरात चालत असेल, छातीत दुखत असेल, किंवा बोटाला लावण्याच्या ऑक्सिमीटरवर आकडा ९५ च्या खाली असेल, तर ती निव्वळ कळ नव्हे. फुप्फुस अडकले आहे असे समजून लगेच पुढे पाठवावे. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, मूल बोलता बोलता अडखळणे, ही मेंदूच्या वाहिनीची खूण. त्यातही वाट पाहणे नाही. आणखी एक तक्रार अशी, की वयात आलेली मुले ती लाजेपोटी कोणालाच सांगत नाहीत: इंद्रियाला तासन्‌तास राहणारी दुखरी ताठरता. ती चार तासांवर गेली तर कायमची हानी होते. पुरुष आरोग्यसेवकाने मुलाला एकांतात, ताठरता येण्यापूर्वीच, हे सांगून ठेवलेले बरे.

कळ कशाने येते, हे ठाऊक असले की ती पुष्कळदा टाळता येते. पाणी कमी पिणे, थंडीत भिजणे, गार पाण्यात पोहणे, दमछाक होईल असे काम, जंतुसंसर्ग, ही तिची नेहमीची निमित्ते. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा तेथील सेविका रुग्णांना पाण्याची आठवण करून देत असतात. कोकणात धोका दुसऱ्या टोकाचा: पावसाळ्यात ओल्या कपड्यांत दिवसभर लावणी करणे, किंवा शाळेतून भिजून येऊन तसेच बसणे. शाळेचा प्रश्न याहून नाजूक आहे. या मुलांचे मूत्रपिंड लघवी दाट करू शकत नाही, म्हणून त्यांना पाणी पुष्कळ प्यावे लागते आणि लघवीलाही वारंवार जावे लागते; कित्येक मुले मोठेपणीही रात्री अंथरूण ओले करतात. वर्गात पाण्याची बाटली आणि मध्येच बाहेर जाण्याची परवानगी, या दोन गोष्टी मास्तरांकडून मिळवून देणे हे कोणत्याही औषधपत्रिकेवर लिहिलेले नसते. पण मूल शाळा सोडते ते बहुधा अशाच अपमानामुळे.

तपासणीविषयी थोडक्यात. बोटातून घेतलेल्या थेंबाची विद्राव्यता-चाचणी उपकेंद्रातही होते: रक्त द्रावणात टाकले असता ते गढूळ झाले, आणि नळीमागच्या कागदावरील काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या, तर दोष आहे असे समजावे. वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे मात्र ही चाचणी सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी मोठ्या प्रयोगशाळेत करावी लागते. सहा महिन्यांखालील बालकात तिच्यावर विसंबू नये, कारण जन्मतः असलेले गर्भावस्थेचे हिमोग्लोबिन त्या वयात दोष झाकून ठेवते. त्याच कारणाने आजाराची पहिली खूण सहा महिने ते दोन वर्षे या वयात दिसते: दोन्ही हातांची किंवा पायांची बोटे सुजून मूल रडते. लसीच्या दिवशी मांडीवर घेतलेल्या मुलाची अशी सूज पाहणारी पहिली शिकलेली व्यक्ती म्हणजे लस देणारी परिचारिका. मुंगी चावली असेल म्हणून ती सोडून देऊ नये.

रक्त कमी आहे, म्हणून लोहाच्या गोळ्या, हा सरसकट उपायही या रुग्णांत बरोबर नाही. येथे रक्त लोहाअभावी कमी होत नाही, पेशी फुटल्यामुळे कमी होते. वारंवार रक्त चढविलेल्या रुग्णात तर लोह साचून यकृताला अपाय होतो. तपासून लोह खरेच कमी निघाले, तरच ते द्यावे. फॉलिक आम्लाची गोळी मात्र नेहमी लागते. आणि प्रत्येक रुग्णाचे नेहमीचे हिमोग्लोबिन किती, हे त्याच्या कार्डावर लिहून ठेवणे, हे काम क्षुल्लक दिसले तरी त्याने जीव वाचतो. ज्याचे रक्त बारा महिने साडेसात असते, त्याला नव्याने आलेला डॉक्टर आकडा पाहून रक्त चढविण्यास निघतो. त्याच्या नेहमीच्या परिचारिकेला ठाऊक असते, की हा त्याचा रोजचा आकडा आहे. उलट ज्याचे आठ होते त्याचे पाच झाले, तर आकडा मोठ्या संकटाची सूचना देत आहे हेही तिलाच आधी कळते.

हायड्रॉक्सियुरिया या औषधाने गेल्या काही दशकांत या आजाराचे रूप पालटले. ते गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा वाढविते आणि पेशी वाकण्यास अटकाव करते. भारतातला सिकलसेल सौम्य असतो, असा समज बराच काळ होता. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा करून २०१६ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनी त्या समजाला तडा गेला. तत्पूर्वी २०१२ साली त्याच गटाने शरीराच्या दर किलो वजनामागे १० मिलिग्रॅम एवढ्या कमी मात्रेतही हे औषध मुलांच्या कळा लक्षणीय कमी करते असे दाखविले होते. या मात्रेचे महत्त्व गरीब देशात सांगावयास नको. औषध रोज घ्यावे लागते, ठरावीक काळाने रक्ताची तपासणी करावी लागते, आणि ते गर्भारपणात चालत नाही. म्हणून ज्या तरुणीला ते चालू आहे तिच्याशी मूल होण्याविषयी आधीच बोलावे लागते. ही सगळी कामे जिल्हा रुग्णालयात महिन्याला एकदा रांगेत उभे राहून नीट होत नाहीत. औषध उपकेंद्रात मिळाले तर ते घेतले जाते. नाही तर गोळ्या संपल्या की एक बाजाराचा दिवस जातो, मग दुसरा जातो, आणि पुढची कळ येईपर्यंत रुग्णाला वाटते, आपण बरे झालो. अस्थिमज्जारोपण आणि २०२३ साली इंग्लंड-अमेरिकेत मंजूर झालेला जनुकोपचार यांची वार्ता वाचून आशा वाटावी हे योग्यच. पण त्यांचा खर्च आणि व्यवस्था पाहता बहुसंख्य रुग्णांचे आयुष्य अजून तरी पेनिसिलिन, फॉलिक आम्ल, हायड्रॉक्सियुरिया आणि कोणीतरी ठेवलेल्या नोंदवहीवरच अवलंबून आहे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. १७ राज्यांतील शून्य ते चाळीस वयाच्या ७ कोटी लोकांची तपासणी, आणि २०४७ पर्यंत सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून या आजाराचा शेवट, हे तिचे उद्दिष्ट आहे. ‘निर्मूलन’ हा शब्द मात्र जरा भरधाव आहे. जो दोष कोट्यवधी निरोगी वाहकांच्या रक्तात आहे तो मुळासकट उपटता येत नाही, आणि तसा प्रयत्न होऊ लागला तर तो माणसांविरुद्धचाच प्रयत्न ठरेल. साध्य होण्यासारखे आहे ते हे: वाहक स्त्री-पुरुषांनी जाणून विवाह करावा किंवा जाणून मूल होऊ द्यावे, आणि जे रुग्ण जन्मले आहेत त्यांनी बालपणीच मरू नये. पहिल्या भागावर मोहिमांचा भर असतो, कारण कार्ड मोजता येते. दुसऱ्या भागाचे मोजमाप अवघड आहे, कारण न झालेला मृत्यू कोणत्याच तक्त्यात येत नाही.

तपासणीची कार्डे वाटल्यानंतर पुढे काय, हा प्रश्न यातूनच उभा राहतो. ज्या मुलीच्या हातात वाहक असल्याचे कार्ड पडले, तिचे लग्न मोडते, अशा तक्रारी होतात. म्हणून ते कार्ड चावडीवर नव्हे तर घरी, आणि एकट्या मुलीला नव्हे तर समजावून सांगत दिले पाहिजे. दोन वाहकांनी लग्न करू नये, असा हुकूम देण्याचा अधिकार कोणा सेविकेला नाही. गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीच्या शेवटी गर्भाची तपासणी होऊ शकते, हे सांगण्याचे कर्तव्य मात्र तिला आहे. त्यासाठी नवऱ्याची तपासणी मूल पोटात असतानाच, पहिल्या भेटीत, व्हावी लागते. पाचव्या महिन्यात कळून उपयोग थोडा. नवरा वाहक नसला तरी त्याच्यात थॅलेसीमियाचा दोष आहे काय हे पाहावे लागते, कारण एका बाजूचे सिकलसेल आणि दुसऱ्या बाजूचा थॅलेसीमिया मिळूनही मूल आजारी होते. आणि विद्राव्यता-चाचणीत थॅलेसीमिया मुळीच दिसत नाही.

रुग्णाला जे हक्क आहेत त्यांची माहितीही याच खिडकीतून मिळावयास हवी. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. राज्य परिवहनाच्या साध्या गाडीत सिकलसेलच्या रुग्णांना प्रवासात सवलत आहे, आणि परीक्षेत वाढीव वेळ मागता येतो. यासाठी प्रमाणपत्र लागते, प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात खेप लागते, आणि त्या खेपेचा दिवस कोणता, कागद कोणते, हे सांगणारे कोणी नसले तर बापाची एका दिवसाची मजुरी जाते आणि काम होत नाही. कुटुंबाची बदली झाली, तर मुलाचे नेहमीचे हिमोग्लोबिन, प्लीहेची स्थिती, पेनिसिलिन चालू आहे की नाही, आणि कोणत्या लसी झाल्या, एवढ्या चार ओळींचा कागद मुलाच्या दप्तरात ठेवून द्यावा. नव्या गावातल्या उपकेंद्राचे दार कोठे आहे, हे आईने पोहोचल्यापासून आठवड्याच्या आत, मूल बरे असताना, स्वतः पाहून यावे.